जर्मनीत नवीन आलात? आधी पिठाच्या पाकिटावरचं नाव वाचा

म्युनिकला येऊन तिसरा दिवस होता. प्रवासासाठी बांधून घेतलेल्या दशम्या संपल्या होत्या आणि लेक पोळी मागत होती. मी घराजवळच्या दुकानात जाऊन पिठाच्या फळीसमोर उभी राहिले. एक-एक किलोची कागदी पाकिटं, सगळी जवळपास सारखी दिसणारी. त्यातलं जरा तपकिरी रंगाचं उचललं. कणीक मैद्यापेक्षा तपकिरी असते, एवढाच हिशोब डोक्यात. घरी येऊन पाणी घातलं आणि ते पीठ खळीसारखं बोटांना चिकटलं. तेलाचा हात लावला, कोरडं पीठ भुरभुरवलं, तरी गोळा परातीला सोडेना. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना पाकीट दाखवलं. त्यांनी त्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं: ‘रोगेन’. म्हणजे राय. मोहरी नव्हे, राय नावाचं धान्य. त्याच्या पिठात गव्हासारखी ग्लुटेनची जाळी धरत नाही आणि त्यातले चिकट तंतू पाणी भरपूर धरून ठेवतात. त्याचा पाव उत्तम होतो. पोळी होणं शक्यच नव्हतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. दरवर्षी कुणी ना कुणी नवीन मराठी कुटुंब इकडे येतं आणि महिन्याभरात फोन करतं, ‘अगं, इथल्या कशालाच चव नाही.’ मी त्यांना दरवेळी तेच सांगते. इथे एकेका वस्तूचे पाच-पाच प्रकार करून ठेवलेले असतात आणि कुठला प्रकार कशासाठी, ते पाकिटावर छापलेलं असतं. आपण रंग-रूप बघून उचलतो आणि नेमका चुकीचा प्रकार घरी आणतो. पंचवीस-तीस जर्मन शब्द ओळखता आले की स्वयंपाक पुष्कळसा रुळावर येतो.

पोळीची कणीक

गव्हाला ‘वाइत्सेन’ म्हणतात. हा शब्द दिसला नाही तर पाकीट खाली ठेवा. ‘डिंकेल’ हा गव्हाचाच जुना भाऊबंद आहे, पौष्टिक म्हणून सगळीकडे दिसतो, पण त्याची कणीक लवकर सैल पडते आणि पोळी लाटताना फाटते.

‘वाइत्सेन’ सापडलं की पुढचा आकडा बघा: टाइप ४०५, ५५०, १०५०. हा आकडा जाडी-बारकीचा नाही. पीठ पूर्ण जाळलं तर शंभर ग्रॅममागे साधारण किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजं, उरतात त्याचा तो आकडा आहे. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. करंज्या, शंकरपाळे, पुरणपोळीची पारी यांना छान. ५५० त्याहून थोडं दणकट. १०५० मध्ये बराच कोंडा असतो. आणि ‘फोलकोर्न’ लिहिलेलं असेल तर आख्खा गहू. त्यावर आकडा नसतो.

नुसत्या फोलकोर्नची पोळी करू नका. आपल्या जात्यावरच्या किंवा चक्कीच्या दळणात स्टार्चचे कण दाबले जाऊन फुटतात, म्हणून ती कणीक पाणी पिते आणि मऊ राहते. इथल्या पिठात कोंड्याचे तुकडे मोठे असतात, ते लाटताना पोळीला भोकं पाडतात. माझं प्रमाण असं: दोन वाट्या बारीक दळलेलं फोलकोर्न (पाकिटावर ‘फाइन गेमाह्लेन’ असतं) आणि एक वाटी ५५०. पाणी कोमट, कणीक नेहमीपेक्षा सैल, आणि मळून झाल्यावर झाकून पाऊण तास विसरून जा. कोंडा भिजायला तेवढा वेळ लागतोच. पाऊण तासाने तेलाचा हात लावून परत मळलं की हाताला फरक कळतो, बोट दाबलं तर खड्डा हळूहळू भरून येतो. अशी कणीक असली की पोळी फुगते.

भारतीय दुकानात आट्याच्या पाच-दहा किलोच्या पिशव्या मिळतात, आणि रोज पोळ्या करणाऱ्या घराने त्याच घ्याव्यात. पण तारीख बघून. ज्वारीचं पीठ तिथेच मिळतं, आणि ते मात्र लहानात लहान पाकीट घ्या. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते. बाजरीचं पीठ तर महिन्या-दोन महिन्यांत कडवट होतं. एका दुकानातून मी एकदा पाच किलो बाजरी आणली ती सगळी टाकून द्यावी लागली, म्हणून हे इतकं ठासून सांगते आहे.

रव्याला ‘ग्रीस’ म्हणतात आणि त्यातही दोन जाती. ‘हार्टवाइत्सेनग्रीस’ पिवळसर, कडक गव्हाचा. उपमा मोकळा होतो. ‘वाइशवाइत्सेनग्रीस’ पांढरा, शिऱ्याला हाच घ्या. बेसन म्हणजे ‘किखरएर्ब्सेनमेल’, ते डीएमसारख्या औषधं-साबणाच्या दुकानातही सेंद्रिय पदार्थांच्या फळीवर असतं.

दूध, दही, तूप, श्रीखंड

दुधाचे तीन प्रकार. फ्रीजमधलं ताजं ‘फ्रिशमिल्श’, फ्रीजमधलंच पण ‘लेंगर हाल्टबार’ लिहिलेलं जास्त टिकणारं, आणि बाहेर फळीवर रचलेलं ‘हा-मिल्श’, जे खूप तापवून बंद केलेलं असतं आणि न उघडता महिनोन्‌महिने टिकतं. फॅटचा आकडा पुढ्यातच असतो: १.५ टक्के म्हणजे पातळ, ३.५ किंवा ३.८ म्हणजे भरपूर. चहाला आणि दह्याला ३.८ टक्क्यांचं घ्या.

हे दूध पाश्चराइज केलेलं असतं, उकळायची गरज नाही. बहुतेक दूध होमोजिनाइजही केलेलं असतं. त्यातले स्निग्ध कण इतके बारीक फोडलेले असतात की ते वर येत नाहीत, त्यामुळे जाड साय धरत नाही. सायीचं विरजण, लोणी, ताक ही साखळी इथे तुटते. पहिल्या वर्षी मला याचं फार वाईट वाटलं होतं.

दही मात्र सुंदर लागतं. दूध उकळी येईपर्यंत तापवायचं, मंद आचेवर दहा मिनिटं ठेवायचं, मग करंगळी सुखाने बुडेल इतकं कोमट होऊ द्यायचं. विरजणाला दुकानातलं ‘नाटूरयोगुर्ट’, लिटरला एक मोठा चमचा. हिवाळ्यात भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवायचं आणि ओव्हनचा फक्त दिवा लावायचा. तेवढी ऊब पुरते. रात्री लावलेलं सकाळी घट्ट.

तुपासाठी लोण्याचं पाकीट निवडताना थांबा. ‘झ्युसराम’ म्हणजे गोड सायीचं लोणी आणि ‘झाउअरराम’ म्हणजे आंबवलेल्या सायीचं. दुसरं घ्या. आपलं लोणीही विरजलेल्या सायीचंच असतं, त्यामुळे कढवल्यावर तोच वास येतो. २५० ग्रॅमची चार पाकिटं कढवली की साधारण आठशे ग्रॅम तूप निघतं. घाई असेल तर ‘बुटरश्माल्त्स’ नावाने तयार तूप मिळतं. पण नुसतं ‘श्माल्त्स’ किंवा ‘श्वाइनेश्माल्त्स’ म्हणजे डुकराची चरबी. डबे एकमेकांशेजारी ठेवलेले असतात, म्हणून पूर्ण शब्द वाचा.

आणि क्वार्क! चक्क्याची आठवण करून देणारा हा पदार्थ इथल्या प्रत्येक दुकानात मिळतो. ‘मागर’ म्हणजे बिनसायीचा, तो नको. ‘४० टक्के फेट इम ट्रोकेन’ लिहिलेला घ्या. हे चाळीस टक्के त्यातलं पाणी वगळून मोजलेले असतात, प्रत्यक्षात शंभर ग्रॅममागे दहा-अकरा ग्रॅमच फॅट असतं, तेव्हा घाबरू नका. पंच्यावर घालून रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवायचा, सकाळी साखर मिसळून पुरणयंत्रातून नाहीतर चाळणीतून घासून काढायचा. आमच्याकडे गुढीपाडव्याला दरवर्षी हेच श्रीखंड असतं.

बटाटा

बटाट्याला स्वतंत्र जागा द्यायला हवी, कारण इथे बटाटा शिजल्यावर कसा वागेल ते पिशवीवर लिहिलेलं असतं. ‘फेस्टकोखेंड’ म्हणजे शिजून फोडी अखंड राहणारा. ‘फोरवीगेंड फेस्टकोखेंड’ म्हणजे मधला. ‘मेलिगकोखेंड’ म्हणजे पिठूळ, शिजून फुटणारा. बऱ्याच पिशव्यांवर याच क्रमाने हिरवा, लाल आणि निळा रंग असतो.

लेकीच्या इथल्या पहिल्या वाढदिवसाला वडे केले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. हिरव्या पिशवीतले बटाटे उकडले, कुस्करायला घेतले, तर ते साबणासारखे गुळगुळीत तुकडे होऊन बोटांतून निसटायचे. गोळा वळेना, आणि तेलात वडा उलगडला. आजी दारात कोणता गोंधळ चालला आहे ते बघायला आल्या होत्या. त्या काही न बोलता घरी गेल्या आणि आपल्या घरातली निळी पिशवी घेऊन आल्या. त्यांच्याकडे ती बटाट्याच्या गोळ्यांसाठी असते, ते इथले ‘क्न्योडेल’. त्या संध्याकाळचे वडे त्या बटाट्यांचे झाले.

तर वडे, आलू पराठे, पॅटिस यांना निळी. काचऱ्या, उपवासाची भाजी, रस्सा यांना हिरवी. एकच पिशवी घ्यायची असेल तर लाल.

भाजी कुठून, कधी

फळं आणि भाज्यांच्या पाटीवर देश लिहिणं बंधनकारक आहे, ‘हेरकुन्फ्ट’ या शब्दापुढे. जानेवारीतला टोमॅटो लांबून किंवा काचघरातून येतो. लालबुंद दिसतो आणि आमटीत घातला तर पाण्यासारखा लागतो. नोव्हेंबर ते एप्रिल मी ताजा टोमॅटो फक्त कोशिंबिरीपुरता घेते. शिजवायला डब्यातला किंवा ‘पासीर्टे टोमाटेन’ची बाटली, तो टोमॅटो पिकल्यावर तोडून बंद केलेला असतो, चव त्यातच आहे. गोठवलेला मटार आणि पालक यांबद्दलही मनात किंतु ठेवू नका.

ऋतूला धरून चाललं तर इथली भाजी फार चांगली आहे. स्ट्रॉबेरी जूनमध्ये खा, शेतावर जाऊन स्वतः तोडून आणता येते. पांढरा ‘श्पार्गेल’, म्हणजे शतावरीचे कोंब, २४ जूनपर्यंतच काढतात, पुढच्या वर्षीच्या पिकासाठी झाडाला विश्रांती म्हणून. नवलकोल इथे ‘कोलराबी’ या नावाने वर्षातला बराच काळ मिळतो आणि कोवळा मिळतो; किसून, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून त्याची कोशिंबीर करून बघा. शरद ऋतूत नारिंगी ‘होक्काइडो’ भोपळा येतो, त्याची सालही शिजते. त्याचे घारगे उत्तम होतात.

कोथिंबीर, छोटी वांगी, भेंडी, पुदिना, डाळिंब यांसाठी तुर्की किंवा अरबी दुकान गाठा. म्युनिकमध्ये मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला ग्योटेश्ट्रासे आणि लांडवेअरश्ट्रासे या दोन रस्त्यांवर अशी दुकानं ओळीने आहेत. सुपरमार्केटमधली कुंडीतली चार काड्यांची कोथिंबीर आणि इथली भरघोस जुडी यांची तुलनाच नको. फक्त शेजारीच ‘पेटरझीली’च्या जुड्या असतात, पानं हुबेहूब कोथिंबिरीसारखी. एक पान चुरगळून वास घ्या. पहिल्या वर्षी मी पोह्यांवर दोनदा पेटरझीली घातली आहे. मसूर डाळ, छोले, बारीक रवा, घट्ट दह्याच्या बादल्या हेही याच दुकानांत मिळतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालत नाही.

तूरडाळ, पोहे, साबुदाणा, कढीपत्ता आणि हिंग यांसाठी भारतीय दुकान, महिन्यातून एकदा. मिठापासून दुधापर्यंत बाकी रोजचं आल्डी, लिडल, पेनी अशा स्वस्त दुकानांतून आणि तिथे नसेल ते रेवे किंवा एडेकातून. स्वस्त दुकानातलं दूध-लोणी-अंडी कमी प्रतीचं असेल ही भीती मनातून काढा. मी दोन्हीकडचं वापरलं आहे आणि मला फरक जाणवला नाही.

आठवडी बाजारात, ‘वोखेनमार्क्ट’मध्ये, भाजी स्वतः उचलून दाबून बघू नका. विक्रेत्याला सांगायचं, तो निवडून देतो. ‘आज खायला’ की ‘तीन दिवसांनी’ हे सांगितलं तर तो ॲव्होकाडो किंवा नासपती त्याप्रमाणे पिकलेली देतो, हे मला फार आवडतं.

डाळ शिजत नाही?

म्युनिकचं नळाचं पाणी डोंगरपायथ्याहून येतं, ते बिनदिक्कत प्या, बाटल्या विकत आणू नका. पण ते जड आहे. त्यातला कॅल्शियम डाळीच्या सालातल्या आणि पेशींतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी बांधून ठेवणाऱ्या घटकाला, घट्ट करतो, म्हणून तूरडाळ आणि राजमा हट्टाने कच्चे राहतात. डाळ तासभर, कडधान्य रात्रभर भिजवा, आणि टोमॅटो-चिंच शिजल्यानंतरच घाला. शिवाय प्रेशर कुकर घरून आणा.

अंडी, तारखा, दर

अंड्यावर शिक्का असतो. पहिला आकडा ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्या अंगणात फिरणारी कोंबडी, २ म्हणजे बंद खुराड्यात पण पिंजऱ्याबाहेर, ३ म्हणजे पिंजरा. पुढे देशाची अक्षरं. अंडी फ्रीजबाहेर ठेवलेली दिसली तर दचकू नका. इथे ती धुतलेली नसतात, कवचावरचं नैसर्गिक आवरण शाबूत असतं.

दोन तारखांमधला फरक पाठ करा. ‘मिंडेस्टहाल्टबारकाइट’ म्हणजे तोवर चव आणि प्रत हमखास टिकेल; त्यानंतर डोळ्याने, नाकाने, जिभेने तपासून वापरता येतं. ‘त्सु फरब्राउखेन बिस’ म्हणजे त्या दिवसानंतर खायचंच नाही. ही दुसरी तारीख खिमा, कच्चं चिकन अशा वस्तूंवर असते.

दराच्या पाटीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘ग्रुंडप्राइस’ असतो, किलोचा किंवा लिटरचा भाव. मी फक्त तोच बघते. मोठं पाकीट स्वस्त असेलच असं नाही. पाटीवरच्या दरात कर धरलेला असतो.

बाटल्या फेकू नका. एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत घेतलेली असते, परत वापरायच्या बाटल्यांवर सहसा ८ किंवा १५. यालाच ‘फांड’ म्हणतात. दुकानातल्या यंत्रात बाटली न चेपता टाकायची, कारण बारकोड वाचला गेला पाहिजे. चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची. ट्रॉलीला एक युरोचं नाणं लागतं, ते पाकिटात कायम ठेवा, आणि कापडी पिशव्याही. गल्ल्यावरची बाई वस्तू झपाझप सरकवते. तिथे पिशवी भरत बसायचं नसतं, सगळं ट्रॉलीत टाकून पुढच्या फळीवर निवांत भरायचं.

शाकाहारी असाल तर

‘गेलाटीने’ हा शब्द डोळ्यांत भरून घ्या. गोळ्या-चॉकलेटं, जेली, काही दह्याचे गोड पदार्थ यांत तो असतो, आणि बहुतेकदा डुकराचा. चीजमध्ये ‘लाब’ म्हणजे रेनेट, दूध फाडायला वापरतात ते. पुढे ‘मिक्रोबिएल’ लिहिलं असेल तर ते वासराच्या जठरातलं नाही. पार्मेझानमध्ये ते नेहमी प्राण्याचंच असतं. ‘श्पेक’ म्हणजे डुकराचं मांस, ते बटाट्याच्या सॅलडमध्ये आणि पावातही सापडतं. पिवळ्या वर्तुळातलं हिरवं व्ही-चिन्ह असेल तर निश्चिंत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ॲलर्जी करणारे घटक ठळक छापलेले असतात. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या आयांना याचा फार आधार वाटतो.

रविवार

रविवारी दुकानं बंद. सणाच्या सुट्टीलाही बंद, आणि बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्यात आहे त्या राज्यात, अशा सुट्ट्या इतर राज्यांपेक्षा जास्त आहेत. रोजही रात्री आठला दारं लागतात. ईस्टरला शुक्रवार बंद, शनिवार उघडा, मग रविवार-सोमवार बंद, तेव्हा दूध-भाजी गुरुवारीच आणा, शनिवारी गर्दीत उभं राहवत नाही. अगदी अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप असतात, भाव जास्त.

सामानात काय

शेवटी बॅग भरताना. भारतातून युरोपियन युनियनमध्ये येताना दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत: तूप, पेढे, खवा सगळं यात आलं. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं, भाज्या आणि पानंही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत; सूट आहे ती केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन या पाच फळांना. म्हणजे कढीपत्त्याची जुडी विमानतळावरच जाईल. तुपाच्या बरणीच्या वजनात गोडा मसाला, मेतकूट आणि हिंग बसतो. आणि लाटणं विसरू नका. इथलं लाटणं जाडजूड असतं, दोन्ही टोकांना फिरत्या मुठी, पीठ मोठ्या ओट्यावर पसरवण्यासाठी केलेलं. त्याने पोळीची कड पातळ करता येत नाही.